एक बुडाली, एक तरली : मुंबईचा कापूस आणि जपानी जहाजं

जमशेटजी टाटांचं नाव निघालं की आपण पोलाद, ताजमहाल हॉटेल आणि बंगळूरची विज्ञान संस्था इथवर येतो. त्यांनी जहाज कंपनीही काढली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. ज्या जपानी कंपनीच्या जोडीनं त्यांनी ते धाडस केलं, ती निप्पॉन युसेन काइशा, म्हणजे एनवायके, आज जगातल्या बड्या जहाज कंपन्यांत मोजली जाते. टाटांची कंपनी मात्र जेमतेम उभी राहिली आणि संपली. दोघांनी एकाच वेळी, एकाच मार्गावर, एकाच शत्रूशी टक्कर घेतली होती. मग असं का झालं?

एनवायकेचं मूळ तोसा प्रांतातल्या इवासाकी यातारोपाशी आहे. पणजोबांनी सामुराईपण विकून टाकलेलं, घरची ओढगस्त, पण माणूस भलताच जिद्दी. 1870 च्या सुमारास त्यानं जहाजांचा धंदा हाती घेतला, त्यातूनच मित्सुबिशी उभी राहिली. 1874 च्या तैवान मोहिमेत सैन्य न्यायला परदेशी कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा सरकारनं जहाजं याच्या हवाली केली. पुढच्याच वर्षी योकोहामा-शांघाय मार्ग सुरू झाला. मग मित्सुबिशीची मक्तेदारी मोडायला सरकारनंच दुसरी कंपनी पुढे केली आणि दोघींनी भाडी पाडता पाडता एकमेकींना रक्तबंबाळ केलं. त्या धुमश्चक्रीतच यातारो गेला. सप्टेंबर 1885 मध्ये दोन्ही कंपन्या एक होऊन एनवायके जन्मली. पांढऱ्या निशाणावरच्या दोन लाल पट्ट्या म्हणजे त्या दोन कंपन्या, असं सांगतात.

आता मुंबई. वऱ्हाड-खानदेशातला कापूस रेल्वेनं कुलाब्याला यायचा आणि दाबून बांधलेल्या गाठी जहाजात चढायच्या. ओसाकाच्या गिरण्यांना तो हवाच होता. पण हा मार्ग पी अँड ओ ही बडी ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या दोन युरोपीय सोबत्यांच्या मुठीत. भाडं टनाला सतरा रुपयांच्या घरात. 1893 साली जमशेटजी स्वतः जपानला गेले. जपान्यांनी अट घातली, जोखीम निम्मी तुमची. त्यांनी ती घेतली, इंग्रजी जहाजं भाड्यानं घेऊन ‘टाटा लाइन’ काढली. नोव्हेंबरात एनवायकेचं ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघालं. जपानचा हा पहिला दूर पल्ल्याचा नियमित सागरी मार्ग.

नव्या जोडीनं भाडं बारा रुपयांवर आणलं. पी अँड ओनं ते दीड रुपयावर उतरवलं! टाटांच्या एका जहाजात कापूस नेणं धोक्याचं आहे, अशी आवई उठवली गेली. जमशेटजींनी लंडनकडे तक्रार केली, की टपाल नेण्याच्या नावानं सरकारी पैसा खाणारी कंपनी आमचा गळा घोटते आहे. काही उपयोग झाला नाही. आपल्याच मुंबईकर व्यापाऱ्यांनी स्वस्त भाडं बघून पाठ फिरवली. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

तिकडे ओसाकाच्या गिरणीवाल्यांच्या संघटनेनं उलटं केलं. समोर जवळपास फुकट भाडं दिसत असूनही कापूस एनवायकेनंच आणायचा, या करारावर ते ठाम राहिले. टाटा लाइन बंद पडली, एनवायके टिकली, आणि पी अँड ओला अखेर तिच्याशी तडजोड करावी लागली. 1896 मध्ये जपाननं जहाजवाहतुकीला अनुदान देणारा कायदा केला आणि त्याच वर्षी युरोप, सिएटल, ऑस्ट्रेलिया हे तिन्ही मार्ग सुरू झाले. आपल्याच कापसावर चाललेल्या जपानी गिरण्यांच्या सुतानं पुढे चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला मागे सारलं, हेही विसरू नये.

सरकारचा हा हात कंपनीला महागही पडला. दुसऱ्या महायुद्धात तिची जहाजं सैन्यानं ताब्यात घेतली. 185 जहाजं बुडाली, पाच हजारांवर खलाशी आणि कर्मचारी गेले. 1930 चं ‘हिकावा मारू’ रुग्णालय-जहाज म्हणून वाचलं, ते आज योकोहामात नांगरलेलं आहे. उरल्यासुरल्या जहाजांवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. 1968 मध्ये ‘हाकोने मारू’ हे जपानचं पहिलं कंटेनर जहाज तिनंच आणलं. 2018 पासून तिचा आणि आणखी दोन जपानी कंपन्यांचा कंटेनरचा धंदा ‘वन’ या नावानं एकत्र चालतो. न्हावा-शेवाच्या रस्त्यावर ते गुलाबी डबे तुम्ही पाहिले असतीलच.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1919 मध्ये सिंदिया या जहाज कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज लंडनला धाडलं, तेव्हाही भाडं पाडण्याचा तोच डाव त्यांच्यावर खेळला गेला. आणि आज, आपलं सरकार असतानाही, आपला बहुतांश आयात-निर्यातीचा माल परदेशी जहाजांतूनच जातो. जहाजबांधणीला पैसे द्यायच्या घोषणा होतात, त्या व्हाव्यातच. पण आपल्या तेल, खत आणि पोलाद कंपन्यांनी भारतीय जहाजांना दहा-दहा वर्षं माल देण्याचे करार आधी करावेत. भाडं थोडं जास्त पडलं तरी करावेत. ओसाकाच्या गिरणीवाल्यांनी हेच केलं होतं, तेही मुंबईच्याच कापसासाठी.