शब्द सोडा, गिटार ऐका

रॉक संगीतावर जीव असलेल्या, पण चारचौघांत सुसंस्कृत म्हणवून घेण्याचीही हौस असलेल्या वाचकांसाठी हे हितोपदेशाचे चार शब्द लिहीत आहे. आवडत्या कलावंताची प्रतिभा आणि त्याने लिहिलेले ओशाळवाणे शब्द एकाच ताटात वाढून आले की भल्याभल्यांची पंचाईत होते. अशा वेळी नको ते पानाच्या कडेला कसे सारावे, हे ज्याला जमले त्यालाच जाणकार रसिक म्हणावे.

सरावासाठी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचे ‘ब्राउन शुगर’ घ्यावे. डिसेंबर १९६९ मध्ये अलाबामा राज्यातल्या शेफील्ड गावी, मसल शोल्स साउंड स्टुडिओत, तीन दिवसांच्या मुक्कामात ते ध्वनिमुद्रित झाले, एप्रिल १९७१ मध्ये बाजारात आले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स अशा गाण्यांसाठी गिटारची सर्वांत जाड तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच तारा ‘ओपन जी’ नावाच्या स्वरजुळणीत लावतो, मग डाव्या हाताचे एकही बोट न टेकवता अख्खी कॉर्ड मोकळी वाजते आणि दोनतीन बोटांच्या उघडझापीत ती खडखडीत, दांडगी लय उभी राहते. त्यावर चार्ली वॉट्सचा ड्रम येतो, पुढे बॉबी कीजचा सॅक्सोफोन घुसतो, आणि ज्याचा पाय हलत नाही त्याने डॉक्टरांना दाखवून यावे. दुर्दैवाने या गाण्याला शब्दही आहेत. पहिल्याच कडव्यात गुलामांनी भरलेले जहाज कापसाच्या मळ्यांकडे निघते, न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात माणसांची विक्री होते आणि मध्यरात्री एक गुलामांचा व्यापारी बायकांवर चाबूक ओढतो. ध्रुवपदात काळ्या मुलीच्या चवीची तारीफ आहे, आणि ती श्रोत्यांनी हात वर करून, ओरडून साथ द्यावी अशा बेताने रचलेली आहे.

इथे नवशिके गांगरतात. त्यांनी श्रमविभागणीचा आधार घ्यावा. संगीत कीथचे, शब्द गायक मिक जॅगरचे. तेव्हा आपण बोटांवर प्रेम करतो, तोंडावर नाही, असे ठणकावून सांगावे. हा युक्तिवाद फार टिकाऊ आहे, फक्त त्याची चौकशी करू नये. केलीच, तर कळते की १९६९ मध्ये चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी ऑस्ट्रेलियात असताना हे गाणे जॅगरनेच रचले आणि ज्या सुरावटीसाठी आपण कीथच्या बोटांना दंडवत घालतो, तीही मुळात जॅगरला सुचलेली. म्हणजे चाबूक आणि गिटार एकाच डोक्यातून निघाले. अशी माहिती मैफिलीत कोणी काढलीच, तर ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक दर्जाकडे विषय वळवावा.

आपल्याकडच्या रसिकांना एक उपाय तर वारसाहक्कानेच मिळालेला आहे. ख्यालाच्या मैफिलीत शब्द कोण ऐकतो? सासू-नणंदेची गाऱ्हाणी चाळीस मिनिटे चालतात आणि आपण निषादावर मान डोलावतो. तोच न्याय रॉकला लावावा. बंदिशीचे शब्द गायक घोळवून घोळवून विरघळवतो, आणि इथे मात्र पन्नास हजार माणसे तेच शब्द गायकाबरोबर बेंबीच्या देठापासून ओरडतात, एवढा क्षुल्लक फरक काढून टाकावा.

प्रस्तुत लेखकाने हा उपाय वसतिगृहात अनेक वर्षे यशस्वीपणे वापरला आहे. आमच्याकडची कॅसेट कॅसेटवरून, तीही तिसऱ्या हाताने भरून घेतलेली असल्यामुळे सोबत शब्दांचा कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही उच्चारांच्या अदमासाने गात असू आणि ‘न्यू ऑर्लिन्स’च्या जागी प्रत्येकाचे स्वतंत्र गाव होते. गाण्याचे नाव ऐकून रेक्टरांनी एकदा खोलीची झडती घेतली, कारण त्या दिवसांत ब्राउन शुगर म्हणजे गर्द एवढेच त्यांना ठाऊक होते. गादीखाली काही सापडले नाही आणि आम्ही निर्दोष ठरलो. त्यांनी गाणे ऐकले असते, तर आक्षेपार्ह माल टेपरेकॉर्डरमध्येच सापडला असता.

‘काळच तसा होता’ हे वाक्य खिशात कायम ठेवावे. सुट्या पैशांसारखे ते कुठेही चालते. मात्र ते उच्चारताना नकाशा उघडू नये. ज्या राज्यात हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार काळ्या मुली मारल्या गेल्या होत्या आणि १९६५ साली सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी झोडपले होते. तेव्हा त्या काळी हे कोणाला कळत नव्हते, असे म्हणताना ‘कोणाला’ या शब्दावर जोर देऊ नये. ध्वनिमुद्रणाच्या त्याच तीन दिवसांत याच मंडळींनी मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल या काळ्या ब्लूज गायकाचे ‘यू गॉटा मूव्ह’ अत्यंत अदबीने गाऊन ठेवले आहे, हेही आठवू नये. अदब माहीत नसलेल्या माणसाला माफ करणे सोपे जाते.

त्याहून वरच्या पायरीचा बचाव म्हणजे ‘हे तर गुलामगिरीविरुद्धचे गाणे आहे’. २०२१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात स्टोन्सनी हे गाणे वगळले, तेव्हा हे गाणे गुलामगिरीच्या भीषणतेबद्दल आहे हे लोकांना कळत कसे नाही, असा अचंबा कीथने व्यक्त केला होता. भीषणतेवर इतका सुंदर ठेका क्वचितच बसवला गेला असेल. जॅगरने १९९५ मधल्या एका मुलाखतीत आपण आता असे गाणे लिहिणार नाही, असे सांगून टाकले होते आणि मैफिलींत तो चाबकाची ओळ बदलूनही गात असे. पण स्वतःच्या गाण्याविषयी कवीला काय कळते!

फक्त हा बचाव मांडताना रॅन्डी न्यूमन या अमेरिकन गायक-गीतकाराचे ‘सेल अवे’ कोणी ऐकलेले नाही, याची खात्री करून घ्यावी. तेही गुलामांच्या जहाजाविषयीच आहे आणि पुढच्याच वर्षीचे, म्हणजे १९७२ चे. त्यात गुलामांचा व्यापारीच आफ्रिकेतल्या माणसाला अमेरिकेचे गोडवे गाऊन दाखवतो: पोटभर खायला मिळेल, जंगलात धावून पाय सोलवटून घ्यावे लागणार नाहीत, चल माझ्याबरोबर. मागे व्हायोलिनांचा ताफा असा काही झुलतो की ऐकणारा क्षणभर जहाजावर चढायला तयार होतो, आणि मग पोटात गोळा येतो. तिथे चाल मधाळ आहे ती फसवण्यासाठी, आणि फसवले जाणे हाच त्या गाण्याचा अर्थ आहे. ‘ब्राउन शुगर’मध्ये व्यापाऱ्याला जी मजा येते, तीच गिटारला येते आणि तीच आपल्यालाही. ही तुलना एकदा मनात शिरली की निघत नाही, म्हणून न्यूमनचे गाणे घरात ठेवू नये.

ज्यांना एवढे कष्ट नको असतील, त्यांनी दुसऱ्या पंथात नाव घालावे. या पंथात शब्द खटकले की प्रतिभा मागील तारखेपासून रद्द होते. काल ज्या वादनावर डोळे मिटून घेतले, ते आज ‘तसे सामान्यच होते, मला आधीपासून वाटायचे’ असे जाहीर करायचे आणि तबकडी रद्दीवाल्याला न देता कपाटात मागे सरकवून ठेवायची, इतकेच व्रत आहे. गन्स एन’ रोझेसच्या १९८८ मधल्या ‘वन इन अ मिलियन’मध्ये काळे, स्थलांतरित आणि समलिंगी अशा सगळ्यांनाच शिव्या आहेत. तिथे मात्र हे व्रत स्वस्तात पार पडते. बँडनेच २०१८ च्या पुनर्प्रकाशित संचातून ते गाणे गाळले. लिव्हिंग कलर या काळ्या रॉक बँडच्या व्हर्नन रीडने १९८९ मध्ये, लॉस एंजेलिसला स्टोन्सच्याच कार्यक्रमात, गन्स एन’ रोझेस त्याच मंचावर यायचे असताना या शब्दांवर उघड हरकत घेतली होती आणि मग गिटारही उत्तम वाजवली होती. हे उदाहरण दोन्ही पंथांना अडचणीचे असल्यामुळे शक्यतो टाळावे.

शेवटचा धोका नवा आहे. आता कॅसेट नाही. गाणे सुरू झाले की फोनच्या पडद्यावर शब्द ओळीओळीने उजळत वर सरकतात. परवा भाचीने असाच फोन समोर धरला आणि विचारले, “मामा, हे खरंच असं म्हणतोय?” अशा प्रसंगी फोन हळूच पालथा करावा, आवाज थोडा वाढवावा आणि “थांब, आता सॅक्सोफोन ऐक” एवढेच म्हणावे. त्या वेळी पडद्यावर शब्द नसतात. तेवढ्यात तिच्याकडे बघून घ्यावे.