सीटवरून उडालेला माणूस

गेल्या महिन्यात आमच्या घरातून एक माणूस हरवला. उंची जेमतेम दीड सेंटीमीटर, बांधा प्लास्टिकचा, वय साठच्या आसपास, कायम बसलेल्या पोझमध्ये. पूर्वी पेपरात यायचं ना, "जिथे असशील तिथून निघून ये, आईने अंथरूण धरलंय, कोणी रागावणार नाही", तशी जाहिरात द्यायची वेळ आली होती. फक्त अंथरूण मी धरलं होतं आणि रागवायला घरातले सगळे टपून बसले होते.

तर मी जुन्या ब्रिटिश गाड्या जमवतो. असं सांगितलं की समोरचा आधी जरा सरळ बसतो, मग मी त्याला कपाट दाखवतो, मग त्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला मराठीत कीव म्हणतात. डाय-कास्ट गाड्या. म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा रस साच्यात दाबून बनवलेल्या, तळहातावर मावणाऱ्या, पोरांनी खेळायच्या गाड्या. खेळायच्या हा शब्द आमच्या घरात वापरायचा नाही असं ठरलंय.

इंग्लंडला येऊन अकरा वर्षं झाली, रेडिंगला राहतो, चारचौघांसारखा आयटीत आहे. एका रविवारी मुलासाठी सेकंडहँड सायकल बघायला कार बूट सेलला गेलो. कार बूट सेल म्हणजे लोक एखाद्या शेतात गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं भंगार मांडून बसतात, आपल्या जुन्या बाजारासारखंच सगळं, फक्त चिखल जास्त आणि भजी नाहीत. सायकल मिळाली नाही. एका आजीच्या टेबलावर चमच्यांच्या ढिगाऱ्यात एक लाल डबलडेकर दिसली, मॅचबॉक्सची पाच नंबर, रूटमास्टर, अंगावर बीपी विस्को-स्टॅटिक तेलाची जाहिरात. आता मी डोंबिवलीचा, पण मामा दादरला, आणि सुट्टीत बेस्टच्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळावी म्हणून मामेभावाशी मारामाऱ्या केलेला माणूस. शिवाय आमच्या एका फॉरेन रिटर्न काकांच्या शोकेसमध्ये अशाच सहा गाड्या होत्या, काचेला बारीक कुलूप, आणि काकू म्हणायच्या "बघायचं, हात नाही लावायचा". दोन पौंड दिले आणि बस खिशात टाकली. सायकलीचं विचारल्यावर बायकोला बस दाखवली, तिला वाटलं मी मुलासाठी आणली, आणि मुलगा घ्यायला आला तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते हुबेहूब काकूंचं होतं.

मग मी वाचायला लागलो आणि फसलो. मॅचबॉक्स काढणारी कंपनी लेस्नी, 1947 साली लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी काढली, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून लेस्नी, आणि दोघे स्मिथ असून एकमेकांचे कोणी लागत नव्हते. (आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले असते तर दहा मिनिटांत मावसआत्येचं नातं निघालं असतं आणि कंपनी राहिली असती बाजूला.) त्यांना जॅक ओडेल नावाचा साचेवाला येऊन मिळाला. त्याच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं, म्हणून त्याने तिला बोटाच्या पेराएवढा रोडरोलर करून दिला आणि त्यातून 1953 साली मॅचबॉक्स आली. ही गोष्ट मी बायकोला अगदी भरल्या गळ्याने सांगितली. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "त्याला निदान शाळेत जाणारी मुलगी होती, तुला कुठल्या शाळेत न्यायच्यात?"

या छंदात घराणी आहेत, गाण्यात असतात तशी. डिंकीवाले सगळ्यात जुने आणि सगळ्यात ताठ. मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीची ही कंपनी, लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर कारखाना, डिंकी हे नाव 1934 चं, कारखाना 1979 साली बंद झाला तरी ही माणसं बिन्स रोड म्हणताना असा पॉज घेतात की आपल्याला वाटावं आता कान पकडतील. कॉर्गीवाले त्यामानाने उडते. ती कंपनी वेल्समधल्या स्वान्सीची, 1956 साली आली आणि आल्या आल्या गाड्यांना प्लास्टिकच्या काचा लावून मोकळी झाली, तोवर डिंकीच्या खिडक्या म्हणजे नुसती भोकं. आणि मॅचबॉक्सवाल्यांच्यात पुन्हा दोन पोटजाती, कारण 1968 ला अमेरिकेतून हॉट व्हील्स आल्या, सुसाट पळणाऱ्या, म्हणून लेस्नीने घाबरून 1969 पासून पातळ आसांची सुपरफास्ट चाकं लावली, तर त्याच्या आधीच्या साध्या चाकांचे भक्त सुपरफास्टवाल्यांच्या टेबलाशी थांबतसुद्धा नाहीत. मी साध्या चाकांचा. चुकून दोन सुपरफास्ट घेतल्यात, त्या मागच्या रांगेत ठेवतो.

भाषा शिकायलाच वर्ष गेलं. एका स्वॅपमीटला, म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये पन्नास-साठ म्हातारे टेबलं लावून बसतात तिथे, मी युद्धापूर्वीची एक डिंकी उचलली तर शेजारचा गृहस्थ हळूच म्हणाला, जपून, झिंक पेस्ट आहे. मला वाटलं ही काहीतरी लावायची पेस्ट असणार, पॉलिशसारखी. मी विचारलं, ट्यूबमध्ये मिळते का? तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. पेस्ट म्हणजे कीड. जस्तात शिशाची अगदी थोडी भेसळ राहिली की धातू वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतो, तडे जातात आणि एक दिवस कपाटात ठेवल्या ठेवल्या गाडीची बिस्किटासारखी भुकटी होते. आणि औषध काही नाही. त्या रात्री मी टॉर्च घेऊन सगळं कपाट तपासलं, बायको म्हणाली मुलाला ताप होता तेव्हा एवढा उठला नव्हतास. ते खरंय, पण ताप उतरतो.

खोक्यांबद्दल फार बोलत नाही, जखम ताजी आहे. गाडीपेक्षा तिचं रिकामं कागदी खोकं महाग असू शकतं हे घरात ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला समोर बसवून फोनवरच्या बँकेच्या ॲपमध्ये मागचे सहा महिने वाचून दाखवले गेले.

अजून एक, म्हणजे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिंकीने जुने झालेले साचे साठच्या दशकात कलकत्त्याला विकले आणि तिथे त्याच गाड्या निकी टॉइज नावाने बनायला लागल्या. त्या भारतात बनल्या, भारतातल्या पोरांनी आपटल्या, आणि आता त्या इथे विकत घ्यायला मी भारतातून येऊन पौंड मोजतो. मी कल्याणच्या मेहुण्याला कामाला लावलं, म्हटलं कुणाच्या माळ्यावर असेल तर बघ. त्याने फोटो पाठवला, प्लास्टिकचा ट्रक, मागे हॉर्न ओके प्लीज, आणि खाली मेसेज, "ही चालेल का? चाक एक नाहीये."

असो. तर तो माणूस.

कॉर्गीची 261 नंबरची ॲस्टन मार्टिन डीबी 5, जेम्स बाँडची, 1965 ची. चार इंचाच्या गाडीत काय काय बसवलंय बघा, पुढून मशीनगन बाहेर येतात, मागे गोळ्या अडवायचं पोलादी फळकूट उभं राहतं आणि बाजूचं बारीक बटण दाबलं की छप्पर उघडून ड्रायव्हरशेजारचा बदमाश सीटसकट आभाळात. सिनेमातली गाडी चंदेरी, पण चंदेरी खेळणं बिनरंगाचं वाटेल म्हणून कॉर्गीने सोनेरी केलं, आणि तीन-चार वर्षांत 25 लाखांच्या वर विकलं. खोक्यात एक गुप्त पाकीट असायचं, त्यात सूचना आणि एक जादा बदमाश. म्हणजे कंपनीला तेव्हाच माहीत होतं की हा माणूस हरवणार. माझ्या गाडीला पाकीट नव्हतं म्हणून ती मला परवडली. कितीला ते इथे लिहीत नाही, बायको वाचते.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी, सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, कपाट उघडं राहिलं होतं (माझ्याकडूनच, कबूल) आणि चिरंजीवांनी एकदाच बटण दाबलं. मी जिन्यात होतो. टक् असा आवाज ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. साठ वर्षांची स्प्रिंग हो, पण काय ताकद. छतापर्यंत गेला म्हणे. खाली आलेला कोणी पाहिला नाही.

कार्पेट काढायचं बाकी ठेवलं. सोफा उलटा केला, रेडिएटरमागे फुटपट्टी फिरवली. मग आठवलं की बायकोने मधल्या वेळात व्हॅक्यूम मारला होता. त्याची पिशवी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर फोडली आणि पिठाच्या चाळणीने चाळायला बसलो. करडा केसाळ मऊ गाळ, त्यात मटकीचे दाणे, लेगोच्या माणसाचा एक हात, पाच पेनी आणि बायकोचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला कानातला, ज्यावरून मी कामवालीवर संशय घेतला होता. कानातला मिळाल्यामुळे जरा वातावरण निवळलं, तेवढ्यात तिने चाळणी ओळखली.

इथे असे सुटे बदमाश मिळतात, नव्याने बनवलेले, चार-पाच पौंडाला. पण ते म्हणजे सख्खा मुलगा हरवला तर त्याच्याच मापाचा दुसरा आणून बसवण्यासारखं.

मग माणूस जे करतो ते मी केलं. बॉयलरच्या कपाटाशेजारी आमचं देवघर आहे, नवरात्र बसलं होतं, सासूबाईंनी साउथॉलहून आणवलेल्या विड्याच्या पानांवर देव मांडले होते, वर झेंडू. रोज ऑफिसला निघताना बूट घालायच्या आधी हात जोडायचो. नवससुद्धा बोललो, सापडू दे, दसऱ्याला घरी चक्का बांधून श्रीखंड करीन, आयतं आणणार नाही.

सातव्या माळेला फुलं बदलताना सासूबाईंनी हाक मारली. त्यांना भारतात परत गेल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय. म्हणाल्या, "जावईबापू, जरा बघता का, हे तुमच्याकडचे देव मला नीट माहीत नाहीत. अन्नपूर्णा झाली, बाळकृष्ण झाला, हा बसलेला कोण?"

बाळकृष्णाच्या उजव्या हाताला, स्वतंत्र पानावर, पुढ्यात खडीसाखर, कपाळाला हळदकुंकू. सोफ्याच्या पायाशी सापडला म्हणे, बसलेला दिसला, वाटलं कुठूनतरी घरंगळला असेल, पाण्याने धुऊन ठेवला. सात दिवस मी त्याच्याचसमोर उभा राहून त्याच्याचसाठी नवस बोलत होतो, आणि तो दीड फुटावरून बघत होता.

मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. घटी बसलेले देव दसऱ्यापर्यंत हलवायचे नसतात. आणि कुंकू रंगात मुरलं होतं, ते निघायची चिन्हं नव्हती. मिंट, निअर मिंट, प्लेवॉर्न अशा प्रती मला पाठ आहेत, पण पूजा झालेला बदमाश कुठल्या प्रतीत धरायचा?

"कोण देव म्हणालात?" त्यांनी परत विचारलं.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "आई, हा गाडीचा."

"मग वाहन कुठंय त्याचं?"

"वरती. कपाटात."

"आणा की खाली, देवाला असं वाहनावाचून बसवू नये," त्या म्हणाल्या, आणि कुंकवाचा करंडा उघडून वाट बघत बसल्या.