दहा मिनिटांचा एमआरआय आणि 'डाय नको'चा हट्ट

सोसायटीचा ग्रुप असो, नातेवाइकांचा असो की लोकलच्या डब्यातल्या मंडळींचा, मुंबईत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: "सोनोग्राफी विसरा. नवा एमआरआय दहा मिनिटांत लिव्हरचा कॅन्सर पकडतो. चाळिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा करावा. किडनी खराब करणारं डायचं इंजेक्शन नको म्हणून सांगा. रिपोर्ट नॉर्मल आला की वर्षभर निर्धास्त."

मी परळ भागात एमआरआयच्या मशीनवर काम करतो. हा मजकूर मोबाइलवर दाखवून लोक आता काउंटरवर हुज्जत घालतात, म्हणून हे उत्तर.

दहा मिनिटं ही थाप नाही. लिव्हरचा पूर्ण एमआरआय अर्धा-पाऊण तास चालतो. त्यातले मोजकेच भाग ठेवून केलेला संक्षिप्त एमआरआय दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. वेळ वाचतो तो मुख्यतः कमी चित्रं काढल्यामुळे. लिव्हरचा आजार आधीच असलेल्या माणसात नवी गाठ आली आहे का, एवढंच त्यातून बघायचं असतं. संशयास्पद काही दिसलं, तर ते काय आहे हे ठरवायला बहुतेक वेळा पूर्ण एमआरआय किंवा डाय (चित्रात गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी करावाच लागतो.

"डाय नको" हे या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं: सुमारे ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, बाकीचं धमनीतून. लिव्हरमध्येच सुरू होणारा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढतो. म्हणून इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या मिनिटात गाठ उजळते. आणखी थोड्या वेळाने पोर्टल शिरेतून डाय पोचला की आजूबाजूचं लिव्हर उजळतं आणि गाठ त्यापुढे काळवंडते. आधी उजळणं, मग काळवंडणं ही खूण स्पष्ट असेल, तर सिरॉसिसच्या (लिव्हरमध्ये वण पडून ते कडक झालेल्या) पेशंटमध्ये सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठ्या गाठीचं निदान बायोप्सीशिवाय करता येतं. अशी सवलत फार थोड्या कॅन्सरना आहे, आणि ती मिळते डायमुळेच.

अर्थात ते अर्धं मिनिट साधणं सोपं नसतं. "श्वास घ्या, सोडा, आता थांबा" म्हटल्यावर पंधरा-वीस सेकंद निश्चल राहायचं. पोटात पाणी झालेल्या माणसाला ते अनेकदा जमत नाही, आणि हललं की तो टप्पा त्या इंजेक्शनपुरता गेला. गॅडोक्सेटेट नावाचा लिव्हरसाठीचा खास डाय आहे. त्याने काही जणांना नेमका त्याच वेळी क्षणभर दम लागतो. पण लिव्हरच्या पेशी तो शोषून घेतात, त्यामुळे वीस मिनिटांनी चांगलं लिव्हर उजळ दिसतं आणि गाठ बहुधा काळी. संक्षिप्त तपासणीचा एक प्रकार यावरच बेतला आहे: इंजेक्शन मशीनबाहेर द्यायचं, पेशंटला बसवून ठेवायचं, आणि तेवढाच शेवटचा टप्पा टिपायचा. युक्ती झकास आहे, पण धमनीचा टप्पा हातचा जातो, आणि लिव्हर फारच थकलेलं असेल तर ते डाय नीट शोषतही नाही. बिनइंजेक्शनचा संक्षिप्त एमआरआयही आहे. त्यात तर उजळण्या-काळवंडण्याचा हिशेबच नाही.

किडनीची भीती बहुतेकांनी सीटीच्या आयोडीनवाल्या डायवरून उचललेली असते. एमआरआयचा डाय गॅडोलिनियमचा. इथे धोका उलट्या बाजूने येतो: किडनी आधीच निकामी असेल, तर काही जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने त्वचा आणि सांधे आखडणारा एक दुर्मीळ आजार होतो. हा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट मागतात तो यासाठी. गॅडोलिनियमचा अंश मेंदूत राहतो हेही पुढे दिसलं, पण त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. २०१७ मध्ये युरोपने जुन्या प्रकारचे अनेक डाय बंद केले, तेव्हाही गॅडोक्सेटेट लिव्हरच्या तपासणीसाठी चालू ठेवला.

सोनोग्राफीबद्दल मजकूर अर्धा खरा आहे. सुरुवातीच्या अवस्थेतले निम्म्याहून अधिक कॅन्सर तिच्यातून निसटू शकतात. कोरियात सिरॉसिसच्या ४०७ पेशंटवर झालेल्या अभ्यासात (२०१७) ४३ जणांत कॅन्सर निघाला. एमआरआयने ३७ पकडले, सोनोग्राफीने १२. पण तो एमआरआय पूर्ण होता आणि गॅडोक्सेटेट देऊन केलेला होता, हे फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत. सोनोग्राफी स्वस्त आहे, गल्लीच्या टोकाला मिळते, आणि जोडीला रक्तातली एएफपी (या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं एक प्रथिन) तपासली तर तिची नजर बरीच सुधारते. म्हणून नियमित तपासणीत पहिला मान अजून तिचाच. सोनोग्राफीत लिव्हर नीट दिसतच नसेल, उदाहरणार्थ लठ्ठ माणसात, तर संक्षिप्त एमआरआयचा विचार जरूर करावा.

'वर्षातून एकदा' तर दोन्हीकडून चुकतं. ही गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होऊ शकते, म्हणून धोक्यातल्या माणसाची तपासणी दर सहा महिन्यांनी असते. नॉर्मल रिपोर्टवर वर्षभर निर्धास्त राहणं त्याला परवडणारं नाही. ज्याला धोकाच नाही, त्याच्या लिव्हरमध्ये निरुपद्रवी हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) किंवा पाण्याची गाठ सापडते आणि नसता घोर लागतो.

धोका कोणाला? कोणत्याही कारणाने सिरॉसिस झालेल्यांना. आणि सिरॉसिस नसला तरी जुना हिपॅटायटिस बी असलेल्या आशियाई पुरुषांना चाळिशीनंतर, स्त्रियांना पन्नाशीनंतर. मजकुरातले 'चाळीस' बहुधा इथूनच उचललेले. मधली अट गळाली. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं अंगात असूनही कळत नाही, तेव्हा एमआरआयची चौकशी करण्याआधी ती साधी रक्ततपासणी करून घ्या. २०१८ पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात ती सरकारी केंद्रांवर मोफत होते.