व्याघ्र प्रकल्प आणि वनहक्क: फिरत्या मजकुराबाबत खुलासा

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर, कान्हाच्या सहलीच्या चर्चेत, असा मजकूर फिरत आहे की व्याघ्र प्रकल्पातील आदिवासींना वनहक्क कायदा लागू नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बाहेर काढण्याचा आदेश दिला आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. वनात राहणाऱ्यांचे जमीन व जंगलावरील हक्क मान्य करणारा २००६ चा हा कायदा राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांनाही लागू असून, या हक्कांसाठी केलेल्या दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही. व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसन करायचे झाल्यासही आधी हक्क निश्चित करून ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते. ही संमती प्रत्यक्षात कितपत मोकळेपणाने मिळते, हा वाद खरा आहे. परंतु त्यावरून कायदाच लागू नाही, असे ठरत नाही.

न्यायालयाचा १३ फेब्रुवारी २०१९ चा आदेश दावे फेटाळल्या गेलेल्यांपुरता होता व २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मजकुरात दुसरी तारीख सोयीस्करपणे गाळली आहे. या कायद्याने मिळणारा शेतजमिनीचा हक्कही १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यापुरता, कमाल ४ हेक्टरचा असून ती जमीन विकता येत नाही.