शफल कुणालाच नको होता म्हणे!

चालणाऱ्यांचे ग्रुप, सोसायट्यांचे ग्रुप, शाळासोबत्यांचे ग्रुप, नाशकात सध्या सगळीकडे एक फॉरवर्ड फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: अ‍ॅपलनं आयपॉड शफल हा गाणी वाजवणारा बिनपडद्याचा छोटा प्लेयर २०१७ मध्ये बंद केला, आता शर्टाला अडकवायचे उरलेसुरले छोटे प्लेयरही बंद होणार, आणि झाले तर बरंच. कारण ते कुणालाच नको होते. फोन सगळं करतो. बिनपडद्याचं यंत्र अर्धवटच. एमपीथ्री हा गाण्याच्या फाइलचा प्रकारच संपला. अ‍ॅपवर सगळी गाणी आहेत. आणि असल्या डबीची बॅटरी बदलता येत नाही, म्हणजे नुसता ई-कचरा. शेवटी हात जोडल्याचं चित्र आणि ‘काळाबरोबर चला’.

सहापैकी एका मुद्द्यात दम आहे. तो शेवटी घेते. बाकीच्या पाचांत अर्धं खरं आणि अर्धं ऐकीव असं मिश्रण आहे, आणि आमच्या ट्रॅकवरचे काका-काकू ते जसंच्या तसं पुढे ढकलताहेत म्हणून हा खटाटोप.

पहिला मुद्दा, ‘कुणालाच नको होते’. शफल जानेवारी २००५ मध्ये आला आणि २७ जुलै २०१७ ला नॅनो ह्या दुसऱ्या आयपॉडबरोबर विक्रीतून गेला. साडेबारा वर्षं. आजचे फोन दुकानात किती महिने टिकतात ते आठवा. कंपनी एकेका मॉडेलचे आकडे सांगत नसे, पण सगळ्या आयपॉडचे मिळून सांगत असे: आर्थिक वर्ष २००८ मध्ये सुमारे ५ कोटी ४८ लाख, २०१४ मध्ये सुमारे १ कोटी ४४ लाख. घसरण मोठी आहे, कोण नाही म्हणतंय? पण २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. त्याच्या दुपटीहून जास्त नग एका ‘पडत्या’ वर्षात खपले, त्याला कुणालाच नको म्हणायचं?

खरी गोष्ट कंपनीच्या हिशेबाची आहे. त्याच २०१४ मध्ये आयफोन जवळजवळ १७ कोटी विकले गेले, आणि एका आयफोनची किंमत ४९ डॉलरच्या शफलच्या दहापट आणि वर. फळीवर काय ठेवणं परवडतं हा दुकानदाराचा प्रश्न, आणि काय हवंय हा गिऱ्हाइकाचा. मेनरोडवरचा कुठलाही व्यापारी हा फरक चहा पिता पिता समजावून देईल.

आणि गंमत बघा. ज्या २०१७ मध्ये शफल गेला, त्याच वर्षी सारेगामा कंपनीनं कारवां हा गाण्यांचा प्लेयर आणला. पाच हजार गाणी आधीच भरलेली, इंटरनेटची गरज नाही, फिरवायचं बटण आणि दाबायची बटणं. लाखोंनी खपला. मराठी गाण्यांचा वेगळा कारवांही निघाला. नाशकात किती घरांत आई-वडिलांच्या साठीला किंवा पंच्याहत्तरीला तो भेट म्हणून आला, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी स्वतःच्याच हॉलमध्ये बघावं.

आता दुसरा, सगळ्यांचा लाडका मुद्दा: ‘फोन सगळं करतो’. करतो ना. तीच तर अडचण आहे. गाणं बदलायला म्हणून फोन खिशातून काढायचा, वर तीन मेसेज दिसतात, एकाला अंगठा पाठवायचा, दुसऱ्यात कुणाच्या तरी नातवाचा व्हिडिओ, आणि सोमेश्वरकडे निघालेला माणूस गंगापूर रोडच्या कडेला मान खाली घालून उभा. ‘डू नॉट डिस्टर्ब लावा की’ असं उत्तर येतं. लावतं कोण? मुलाचा पुण्याहून फोन येईल म्हणून आई लावत नाही, ऑफिसचा येईल म्हणून मुलगा लावत नाही.

वजन बघा. शेवटच्या पिढीचा शफल साडेबारा ग्रॅम होता. हल्लीचा बरा फोन दोनशेच्या आसपास भरतो. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना ट्रॅकपँटचा खिसा कुठल्या बाजूला ओढला जातो हे चढणाऱ्याला विचारा. पावसाळ्यात ओल्या बोटांनी काचेवर गाणं पुढे ढकलून बघा, तोही एक व्यायामच.

पण हा मुद्दा मला शहरापेक्षा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये जास्त पटतो. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, हायड्रोजन सायनामाइड ह्या रसायनाची पेस्ट लावायचं काम सुरू होतं. ते कातडीला लागता कामा नये, म्हणून हातात मोजे. मोज्यांनी टच स्क्रीन चालत नाही, आणि चालला तरी कर्ज काढून घेतलेला फोन त्या पेस्टजवळ कोण नेईल? पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या मांडवाच्या तारेला छोटा स्पीकर अडकवतात. मेमरी कार्ड आत, एफएम आहे, ठळक बटणं आहेत, कोपरानंसुद्धा दाबता येतात. ह्या लोकांनी शफलचं नावही ऐकलं नसेल. पण त्यांना हवी असलेली वस्तू तीच आहे: एकच काम करणारी, स्वस्त, पडली तर रडू न येणारी. तोच प्रकार कीपॅडच्या फोनचा. त्यात कार्ड घालून भजनं ऐकणारी आजी गावोगाव सापडेल. साधा प्लेयर ‘संपला’ म्हणणाऱ्यांनी फक्त कॉलेज रोडवरची दुकानं बघितलेली दिसतात.

(कार्ड ‘भरून देणाऱ्या’ दुकानांची वकिली मी करत नाही. ती चोरीच आहे. पण आपण विकत घेतलेली सीडी आपल्या प्लेयरमध्ये स्वतःपुरती उतरवून घेणं ही वेगळी गोष्ट. खासगी वापराच्या उचित व्यवहाराला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे.)

तिसरा मुद्दा, पडदा नाही म्हणून अर्धवट. ह्यावर कंपनीनं स्वतःच प्रयोग करून झालाय. २००९ च्या शफलमध्ये त्यांनी बटणंही काढून टाकली आणि सगळा कारभार इयरफोनच्या वायरीवर नेला. लोक वैतागले. दुसरा साधा इयरफोन लावला की ना आवाज कमी-जास्त करता येई, ना गाणं बदलता येई! २०१० मध्ये बटणं मुकाट्यानं परत आली. पडदा मात्र कुणी परत मागितला नाही, कारण तो मुळातच नव्हता आणि त्यावाचून अडत नव्हतं. गाण्याचं नाव हवं असेल तर एक बटण दाबलं की प्लेयर ते कानात सांगायचा. ज्यांना दिसत नाही किंवा चष्मा घरी विसरलाय, त्यांना ह्याहून सोयीचं काय असणार? गोल बटणाच्या कडा बोटाला कळतात, खिशात हात घालूनच काम होतं.

हां, एक तक्रार माझीही आहे. सगळी गाणी पिसून वाजवणं ह्या प्रकाराला शास्त्रीय संगीत बळी पडतं. विलंबित ख्याल रंगून द्रुत यायच्या जागी एकदम नाट्यगीत किंवा कोळीगीत सुरू झालं तर माणूस काय करणार. म्हणून त्या छोट्या खटक्यात तीन जागा होत्या: बंद, क्रमानं, आणि पिसून. बंदिश ऐकणाऱ्यांनी खटका मधल्या जागी ठेवायचा. तक्रार मिटली.

चौथा मुद्दा वाचून मात्र हसू आलं. ‘एमपीथ्री २०१७ मध्येच बंद झालं, थोड्या वर्षांनी ह्या फाइल वाजणारच नाहीत.’ ही अफवा त्या वर्षी इंग्रजी बातम्यांच्या मथळ्यांतून निघाली आणि अजून चालतेच आहे. झालं काय होतं? एमपीथ्रीचं तंत्र विकसित करण्यात जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा. प्लेयर किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना त्या तंत्राच्या पेटंटसाठी परवाना घ्यावा लागायचा. पेटंटची मुदत संपली, तसा २३ एप्रिल २०१७ ला तो परवाना देण्याचा कार्यक्रम बंद झाला. म्हणजे एमपीथ्री मोकळं झालं. आता ते कुणीही वापरावं, कुणाला पैसे देणं नाही. फेडोरा ही संगणकाची लिनक्स प्रणाली इतकी वर्षं पेटंटच्या भीतीनं एमपीथ्री बनवायची सोय देत नव्हती. त्याच सुमारास तिनं ती अधिकृतपणे आत घेतली. जी गोष्ट फुकट आणि सार्वत्रिक झाली तिला मेली म्हणून श्रद्धांजली वाहण्याचा मान आपल्या फॉरवर्डकडे जातो.

ह्याच ओघात साठवणुकीचा हिशेब सांगून टाकते, कारण ‘दोन जीबीत काय होतंय’ असंही त्या मजकुरात घुसवलंय. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण दर्जाच्या, एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. चार मिनिटांचं गाणं चार एमबी. दोन जीबीत पाचशेच्या घरात गाणी, म्हणजे तीसेक तास. नाशिक ते नागपूर गाडीनं जाऊन परत आलात तरी एक गाणं दुसऱ्यांदा लागणार नाही.

पाचवा मुद्दा: अ‍ॅपवर सगळं आहे. आज आहे. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं. गाना २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं. झी म्युझिकची गाणी मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफायवरून एका रात्रीत दिसेनाशी झाली, कारण दोन कंपन्यांचा करार जमला नाही. ऐकणाऱ्याला कुणी विचारलंही नाही. रेसो जानेवारी २०२४ मध्ये गेलं, विंकही त्याच वर्षी. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या त्यांच्याबरोबर. आता तुलना करा: शफल ‘बंद’ झाला २०१७ मध्ये, आणि ज्याच्याकडे चालू स्थितीत आहे त्याच्याकडे तो आजही वाजतोय. बंद पडणं दोन्हीकडे एकच शब्दानं सांगितलं जातं, पण एकीकडे दुकानातून वस्तू जाते आणि दुसरीकडे तुमच्या हातातून गाणं.

पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. इगतपुरी सुटली की कसाऱ्यापर्यंत बोगद्यांमध्ये रेंज आत-बाहेर करते आणि गाण्याचं गोल चक्र फिरत बसतं. ‘डाउनलोड करून ठेवा.’ ठेवा, पण ती फाइल अ‍ॅपच्या कुलुपात असते. स्पॉटिफायला महिन्यातून एकदा तरी ऑनलाइन येऊन हजेरी द्यावी लागते, नाहीतर डाउनलोडही गप्प.

शिवाय ‘सगळं’ म्हणजे काय सगळं? आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुणी कॅसेटवर धरल्या असतील, त्या कुठल्या अ‍ॅपवर आहेत? गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेत मे महिन्याच्या संध्याकाळी खुर्चीखाली रेकॉर्डर ठेवून टिपलेलं भाषण? द. वि. पलुस्कर नाशिकला जन्मले, १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचं ध्वनिमुद्रण मुळातच मोजकं. जे मोजकं आहे ते दुसऱ्याच्या करारावर सोडून निर्धास्त राहणं मला जमत नाही. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल राहावं.

राहिला सहावा मुद्दा, बॅटरीचा. हा खरा आहे. शफलची बॅटरी आत चिकटवलेली, ती बदलणं घरचं काम नाही, आणि दुकानात नेला तर ‘मॅडम, नवीन काहीतरी घ्या’ एवढंच ऐकायला मिळतं. पण हा दोष लहान आकाराचा नाही, बनवणाऱ्याच्या निवडीचा आहे. क्रिएटिव्हचे म्युवो प्लेयर एका ट्रिपल-ए सेलवर चालायचे. सेल संपला की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दुसरा. आणि ई-कचऱ्याची काळजी करणाऱ्या मंडळींच्या कानात काय असतं हेही बघून घ्या. बिनवायरीच्या इयरबडच्या एका जोडीत तीन बॅटऱ्या: दोन कानांत, एक डबीत. तिन्ही चिकटवलेल्या. त्यावर फॉरवर्ड आलेलं नाही अजून.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला शफलचं खरं दुखणं सापडलंच नाही, ते मीच सांगते. त्यात गाणी भरायला संगणकावर आयट्यून्स हे कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. मॅकवर हल्ली तेच काम फाइंडरमधून होतं. पेन ड्राइव्हसारखी फाइल उचलून टाकली आणि वाजली, असं होत नाही. सॅनडिस्कच्या क्लिप ह्या छोट्या प्लेयरमध्ये होतं, शिवाय क्लिप प्लसपासून पुढे मेमरी कार्डची खाचही आली. म्हणून आज कुणी मला विचारलं तर मी जुना शफल शोधत बसू नका म्हणेन; फाइल थेट टाकता येईल असा, बटणं असलेला कुठलाही छोटा प्लेयर घ्या.

पण घरात शफल आहे त्यांनी तो पूर्ण उतरलेल्या अवस्थेत कपाटात टाकू नये, लिथियमची बॅटरी तशीच मरते. अर्धा चार्ज करून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावा. आणि फॉरवर्ड वाचून तो भंगारात द्यायचाच ठरवला असेल, तर आधी ट्रॅकवर कुणाला तरी विचारा. घेणारे आहेत. फक्त ती आखूड केबल सोबत द्या, इयरफोनच्या भोकात जाते ती. शेवटच्या दोन पिढ्यांचे शफल तिच्याशिवाय चार्ज होत नाहीत, आणि ड्रॉवर आवरताना सगळ्यात आधी फेकली जाते तीच.