नाचणीची बिस्किटं आणि परत ठेवलेली अंडी

आज संध्याकाळी किराणा दुकानात बिलाच्या रांगेत पुढे एक काका होते. साठीच्या आसपासचे. टोपलीत नाचणीच्या बिस्किटांचे दोन पुडे, मल्टिग्रेन खाकरा, खजुराचे लाडू, मधाची बाटली, ज्वारीचे पोहे आणि सहा अंड्यांचा ट्रे. बिल करणाऱ्या मुलाला मोठ्या उत्साहाने सांगत होते, "शुगर निघाली ना, गोळी चालू झाली. म्हणून आता लो कार्ब. साखर बंद, मैदा बंद!" मग जरा थांबले, ट्रे उचलला आणि म्हणाले, "हे राहू दे रे. कोलेस्ट्रॉल वाढायचं." अख्ख्या टोपलीत लो कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांची (साखर आणि स्टार्च कमी असलेली) म्हणावी अशी ती एकच वस्तू होती आणि तीच परत गेली.

तेव्हापासून डोकं तडकलंय. काकांवर नाही. त्यांच्या मागच्या फळीवर जी हिरवी पाटी लावली होती तिच्यावर: 'मिलेट्स – लो कार्ब, शुगरसाठी उत्तम'. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, ठीक. ज्वारी-बाजरी परत ताटात आली, आनंदच आहे. पण त्या वर्षापासून ज्याच्या त्याच्या पुड्यावर कणसाचं चित्र आलं आणि कणीस दिसलं की 'लो कार्ब' लिहायला कुणाला काही वाटेनासं झालं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते उघडून बघा. त्यात तंतू, म्हणजे फायबर, आधीच वजा केलेले असतात. शंभर ग्रॅममागे कर्बोदकं: तांदूळ ७८, ज्वारी ६८, नाचणी ६७, गव्हाची कणीक ६४, बाजरी ६२. म्हणजे नाचणी आणि ज्वारी कणकेपेक्षा वरच आहेत! आता तव्यावरचा हिशोब करा. पातळ पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे साधारण १९ ग्रॅम कर्बोदकं. मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ४०. "मी पोळी सोडून भाकरीवर आलोय" असं सांगणारा माणूस एका भाकरीत दोन पोळ्या खात असतो आणि वर दुसरी भाकरी घेतो, कारण ती 'चांगली'.

हो, मैद्याच्या पावापेक्षा भाकरी कितीतरी बरी, त्यात तंतू आहेत, हे मान्य. पण बरी असणं आणि लो कार्ब असणं या दोन गोष्टी आहेत.

आणि काकांच्या त्या बिस्किटांत नाचणी होती तरी किती? पुडा उलटा करून बघायला दहा सेकंद लागतात. आपल्याकडे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव गव्हाचं पीठ, दुसरं साखर, तिसरं तेल आणि नाचणी चौथी-पाचवी, तर ती साखरेचीच बिस्किटं आहेत, फक्त रंग तपकिरी. मागच्या तक्त्यात 'कार्बोहायड्रेट'चा आकडा बघायचा, 'साखर'चा एकटा नाही, कारण पिठातला स्टार्चसुद्धा पोटात जाऊन ग्लुकोजच होतो. तोही शंभर ग्रॅमचा रकाना बघायचा. 'प्रति सर्व्हिंग' हा रकाना डोळ्यांत धूळ फेकायला असतो, दोन बिस्किटांवर कोण थांबतं? 'शुगर फ्री'वर माल्टिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेलं असेल तर परत ठेवा. पहिल्याने रक्तातली साखर वाढते, जरा कमी. दुसऱ्याने तर साखर खाल्ल्याइतकी किंवा त्याहून जास्तच चढते.

मध आणि खजूर यांच्याबद्दल बोलायलाच हवं, कारण 'नैसर्गिक आहे' म्हणून ते सगळ्या टोपल्यांत असतात. एक मोठा चमचा मध म्हणजे १७ ग्रॅम साखर. चार खजूर म्हणजे वीसेक ग्रॅम, चहाचे पाच चमचे साखर. गुळाचं तेच. लोह आहे म्हणता? ते लोह मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढा शुगरवाल्याने खायचाच नाही.

इथेच पॅलिओ, म्हणजे अश्मयुगीन माणसासारखं खाणं, आणि लो कार्ब यांची गल्लत होते. १९८५ मध्ये इटन आणि कॉनर या दोन संशोधकांनी अश्मयुगीन माणसाच्या आहाराचा अंदाज मांडला, त्यावरून हा विषय चर्चेत आला. त्या अंदाजात ४५ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून धरलेली होती! शिकारी माणूस मध खायचा, कंदमुळं खायचा, फळं खायचा. पॅलिओचा नियम 'शेती सुरू झाल्यानंतरचं नको' असा आहे: धान्य नको, डाळी नकोत, दूध नको, साखर नको. लो कार्बचा नियम 'किती ग्रॅम' हा आहे: साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली, कडक करायचं तर ५० च्या खाली. म्हणून रताळं पॅलिओत बसतं, लो कार्बमध्ये बसत नाही (शंभर ग्रॅमला वीसेक). पनीर लो कार्बमध्ये बसतं, काटेकोर पॅलिओत बसत नाही. शेंगदाणा तर कडधान्याच्या कुळातला, पॅलिओवाले हातही लावत नाहीत, पण त्यात स्टार्च इतका कमी की लो कार्बवाल्याला तो दोस्त.

तामिळनाडूत पॅलिओ नावाने जे चालतं त्यात तूप, पनीर आहे आणि नाश्त्याला शंभर बदाम. ऐकायला अचाट वाटतं, पण शंभर बदाम म्हणजे साधारण १२० ग्रॅम, सातशेच्या आसपास कॅलरी, त्यात कर्बोदकं दहा-बाराच ग्रॅम. ते सगळं जेवणच आहे. आपल्याकडची मंडळी पोहे खाऊन वर मूठभर बदाम खातात आणि मग वजन का हललं नाही म्हणून विचारतात.

शाकाहारी मराठी माणसाने काटेकोर पॅलिओच्या नादी लागू नये, असं स्पष्ट मत आहे. धान्य, डाळी, दूध तिन्ही काढलं तर ताटात भाजी, खोबरं आणि सुका मेवा उरतो, आणि प्रथिनं कुठून आणणार? साठ-पासष्ट किलोच्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम तरी हवीत. लो कार्बमध्येही दीडशे ग्रॅम पनीर (२८ ग्रॅम प्रथिनं), दोन वाट्या दही (साधारण १०), ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या (१५), मूठभर शेंगदाणे (१०), असं मोजून जमवावं लागतं. वरण पूर्ण सोडू नका, एक वाटी ठेवा: ३० ग्रॅम तूरडाळीत सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं. पण 'डाळ म्हणजे प्रोटीन' म्हणून तीन वाट्या ओतायच्या नाहीत. मटकीला मोड आले म्हणून तिचा स्टार्च उडून जात नाही, हेही एकदा कानावर घाला घरच्यांच्या.

पनीर घरी करा. एक लिटर मलईदार दुधात जेमतेम दोनशे ग्रॅम निघतं, त्यामुळे बाहेरचं फार स्वस्त मिळालं तर शंका घ्या. तुकडा पाण्यात उकळायचा, गार होऊ द्यायचा आणि टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळं झालं तर त्यात स्टार्च मिसळलाय. गरम असताना थेंब टाकाल तर रंग नीट दिसत नाही आणि फसाल.

आता ताटाकडे या, कारण खरी चूक तिथे होते. आपली भाजी तोंडी लावायची असते, दोन चमचे, पोळीबरोबर. लोक काय करतात? पोळ्या काढतात आणि भाजी तेवढीच ठेवतात. चार वाजता पोटात कावळे ओरडतात आणि हात नाचणीच्या बिस्किटांकडे जातो. काकांचंही हेच होणार, आज लिहून ठेवा. पोळी काढली तर भाजी अडीचशे ग्रॅमवर न्यायला हवी, खोल वाटी भरून. आणि मग दुसरी अडचण येते, जी कुठल्याच डाएटच्या चार्टवर लिहिलेली नसते: आपली भाजी पोळीबरोबर खायच्या हिशोबाने तिखट-मीठ घातलेली असते. नुसती वाटीभर खाल्ली की जीभ भाजते, माणूस दोन दिवसांत कंटाळतो. फोडणी नेहमीसारखी करा, पण तिखट निम्मं, मीठ पाऊणपट, आणि त्यात ओलं खोबरं, दाण्याचं कूट किंवा तीळ सढळ हाताने. स्निग्ध पदार्थ नसेल तर पोट भरल्यासारखं वाटतच नाही. वरून तूप सोडा.

भाज्या कुठल्या? जमिनीवरच्या. मेथी, पालक, शेपू, चाकवत, अंबाडी, माठ, अळू. दुधी, दोडकी, पडवळ, घोसाळी, कारली, वांगी, भेंडी, तोंडली, कोबी, फ्लॉवर, फरसबी, शेवग्याच्या शेंगा. पालेभाजीला पेरलेलं दोन चमचे बेसन चालतं, चौघांत वाटलं जातं. जमिनीखालचं मोजून: मुळा बिनधास्त, कांदा फोडणीपुरता, गाजर-बीट कोशिंबिरीपुरतं. बटाटा, रताळं, अळकुड्या बंद. फळांत पेरू, पपईची फोड, आवळा, जांभूळ, महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी. केळं, चिकू, आंबा नको, आणि रस तर नकोच नको, कुठलाही.

उपवासाबद्दल एकच सांगायचंय. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची खिचडी म्हणजे पासष्टच्या आसपास कर्बोदकं, तीन पोळ्यांच्या वर. वर बटाटा असतोच. उपवासाला दही, काकडी, शेंगदाणे, ओलं खोबरं घ्या. देवाला चालतं.

मासे खाणाऱ्यांचं नशीब थोर. बांगडा, तारली, सुरमई, सोडे, जवळा, सगळ्यांत कर्बोदकं नावालाच. पण तळताना आपण रव्यात घोळवतो आणि दोन मोठे चमचे रव्यात चौदा-पंधरा ग्रॅम आत जातात. रवा सोडा. बांगड्याला तिरक्या चिरा द्या, हळद, तिखट, मीठ, आगळ (कोकमाचा रस) लावून वीस मिनिटं ठेवा, मग तव्यावर टाकायच्या आधी फडक्याने वरचं पाणी नीट टिपून घ्या. बिडाचा तवा चांगला तापू द्या, खोबरेल घाला, मासा ठेवा आणि चार मिनिटं त्याला हात लावू नका. रव्याशिवाय मासा चिकटतो अशी तक्रार असते. तो चिकटतो ओला असतो म्हणून, तवा गार असतो म्हणून, आणि आपण मिनिटाभरात उलथनं घालतो म्हणून. साल कडक झाली की तो आपोआप सुटतो. कालवणात नारळाचं वाटण घाला, तांदळाची पिठी लावू नका. हॉटेलात मात्र चिकनला कॉर्नफ्लोअर आणि पनीरच्या ग्रेव्हीला काजूची पेस्ट असते, हे धरूनच चाला.

आणि अंडी! परत त्या ट्रेवर येणं भाग आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं अर्धा-एक ग्रॅम. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्ट्रॉलची मर्यादा २०१५ सालीच काढून टाकली; रक्तातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल यकृत स्वतः बनवतं. काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, अशा आहारावर चढतं, खरं आहे, म्हणून तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी) करून घ्यायचं. पण शुगरच्या माणसाने अंडी परत ठेवायची आणि खजुराचे लाडू घरी न्यायचे? हे कुणी शिकवलं त्यांना? आपणच ना. घरोघरी, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर.

राग थोडा उतरलाय आता. काकांचा चेहरा आठवतोय. किती मनापासून यादी केली होती त्यांनी, चष्मा कपाळावर सरकवून एकेक वस्तू ताडून बघत होते. प्रयत्नात काही कमी नव्हतं.

पहिल्या आठवड्याचं सांगून ठेवायला हवं, कारण बहुतेक जण तिथेच सोडतात. डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. लोकांना वाटतं, पोळीशिवाय अशक्तपणा आला. खरं कारण मीठ. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकायला लागतात, बरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात तेही बरंचसं पाणीच, पेढे वाटायची घाई नको. ब्लड प्रेशर नसेल तर मीठ घातलेलं ताक दोनदा, सोलकढी, सूप घ्या. पोट साफ होत नसेल तर पालेभाजी वाढवा, पाणी वाढवा.

आणि गोळ्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम भात-पोळी काढली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर तर साखर फार वाढलेली दिसत नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. बीपीचा डोसही कमी करावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

आपल्या परिसरातलेच असणार ते काका, कुणाच्या तरी ओळखीचे निघतील. काका, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर उद्या अंडी घेऊन या, बिस्किटांचा न फोडलेला पुडा परत करता आला तर करा. पण घरी आधी तुमच्या गोळीचं पाकीट बघा, त्यावरचं नाव कागदावर लिहा, आणि भाकरी कमी करण्याआधी तो कागद डॉक्टरांना दाखवा.