एक्कावन्नावा मीटर

आमच्या चिरंजीवांचं वय पंधरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलाला दिवसाला २८६० किलोकॅलरी लागतात आणि माझ्यासारख्या बैठं काम करणाऱ्या बाईला १६६०. आमच्या घरी उलटं आहे. त्याचा डबा सकाळी सातला जातो, दुपारी दोनला जसाच्या तसा परत येतो. अन्न टाकायचं नाही ही माहेरची शिकवण, त्यामुळे ती गार पोळी नि दुधीची भाजी मीच संपवते. मुलगा उंचीला लागलाय, मी रुंदीला.

सकाळी त्याला भूक नसतेच. या वयात म्हणे झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. आमच्याकडचं फारच सरकलंय. रात्री अकराला फ्रिजचं दार उघडून तो आतल्या उजेडात ध्यानस्थ उभा असतो.

"आई, खायला काहीच नाहीये."

आत आमटी, भात, कोशिंबीर, दोन भाज्या. काहीच नाही म्हणजे मॅगी नाही.

मटकीच्या उसळीकडे तो ढुंकून बघत नाही. त्याच मटकीवर कट ओतून फरसाण भुरभुरलं की तीन वाट्या! हल्ली रील्स बघून प्रोटीनचं खूळ शिरलंय. "अरे, मटकीत प्रोटीनच असतं," म्हटलं तर, "अगं ते वेगळं." परवा त्याच्या मित्राच्या आईचा फोन आला. "किती गुणी हो तुमचा मुलगा, दुधीची भाजी मागून घेतली!" फोन ठेवून मी ओट्यावरच्या दुधीकडे बराच वेळ बघत राहिले. त्याचं काय चुकलं होतं?

सगळा राग मग शाळेबाहेरच्या वडापाववर निघाला. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तक्रारीला पुरावा हवा, म्हणून फाटकापासून गाडीपर्यंत पावलं मोजली. अडुसष्ट. पाऊण मीटरचं पाऊल धरलं तर एक्कावन्न मीटर! गाडीवाल्याची भूमिती पक्की होती. वडेही नुकतेच कढईतून निघत होते.

"ताई, किती देऊ?"

"एकच. लसणीची चटणी जरा जास्त टाका."

शाळेची घंटा कधी झाली ते कळलंच नाही. दुसरा घास तोंडात असताना मागून नुकताच फुटलेला, घोगरा आवाज आला.

"अगं आई, इथे मिरची मागून घ्यायची असते."